निळ्या डब्याचा वास

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणते. त्या नक्की कुणाच्या आत्या, हे आता कुणालाच आठवत नाही. ज्यांच्या होत्या ते केव्हाच गाव सोडून गेले, हाक तेवढी मागे राहिली. बांधा आडवा, बोलणं सडेतोड, आणि साबणाच्या पाण्याने दोन्ही हातांची बोटं अशी गुळगुळीत झालेली की सुई धरताना सटकते. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही दुकान विकणार. आत्यांनी दुसरं मशीन घेतलं.

पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं लांब टेबल, त्यामागे मशीनं आणि भिजवायच्या टाक्या, आणि अगदी कोपऱ्यात साबणाची खोली. प्रत्येक घराचा दोऱ्याचा रंग ठरलेला. कॉलरच्या आत त्या रंगाचा एक टाका घातला की ढिगातून ज्याचा शर्ट त्याला मिळतो. धंदा शिकवताना सासूने आत्यांना बजावलं होतं, मळक्या कपड्याला नाक लावायचं नाही. "लोक आपली लाज गाठोड्यात बांधून आपल्या हाती देतात. ती हुंगायची नसते." गाठोडं सोडलं की कपडे थेट टाकीत. आत्यांनी हे देवाच्या आज्ञेसारखं पाळलं.

मुलगा ट्रक चालवतो. सीमेपलीकडच्या एका फेरीत तो मालाबरोबर बायकोही ठरवून आला, अशी गल्लीत थट्टा व्हायची. सून तिकडची. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही देश सख्ख्या भावांसारखे, मागच्या लढाईत पाठीला पाठ लावून लढलेले. उलट आत्या मिरवायच्या, "आमची सूनबाई परदेशची हं!" पोरीचा हातही असा की तिने इस्त्री केलेल्या शर्टाची घडी मोडायला जिवावर यावं. धुण्याची पावडरसुद्धा तिकडचीच यायची, निळ्या डब्यातली. लिंबाच्या सालीसारखा वास, मागून किंचित गोड. गिऱ्हाईक कपडे घ्यायला आलं की आधी पुडकं नाकाशी धरायचं.

मग बिनसलं. तिकडचे प्रमुख कुठल्याशा भाषणात आपल्या देशाविषयी बोलून गेले, "ते काय, आमच्याच अंगणातलं खोपट." वर आपल्या मालावर कर बसवला. इकडे माणसं पेटली. सरकार दोस्तीचीच भाषा करत होतं, पण लोकांनी ठरवलं, तिकडचं काही घ्यायचं नाही. किराणा दुकानात फळीवर तिकडच्या बरण्या उलट्या ठेवू लागले, म्हणजे घेणाऱ्याला लांबूनच कळावं. गल्लीत समिती झाली आणि पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर तिचे प्रमुख झाले. ज्या दुकानात तिकडचं काही नाही, त्याच्या काचेवर समिती हिरवा कागद लावायची, 'इथे सगळं आपलं'.

आत्यांनी निळे डबे सगळ्यांसमोर गटारात ओतले. टाळ्या पडल्या, कागद लागला. त्या कागदावरच रुग्णालयाच्या चादरींचं काम टिकून होतं, आणि चादरींवर दुकान. सून दारात उभी राहून फेसाळलेलं गटार बघत होती. आपली पावडर आली. तिला वास म्हणाल तर ओल्या भिंतीचा.

आणि तरीही, काही आठवड्यांनी पोस्टमास्तर आले ते शर्ट नाकाशी धरूनच.

"आत्या, हा वास कसला?"

"धुतलेल्या कपड्याचा."

"आम्हाला शिकवू नका. हा निळ्या डब्याचा आहे."

"डबे तुमच्यासमोर ओतले, पोस्टमास्तर. टाळ्या तुम्हीच वाजवल्यात."

"ओतले ते दिसले. ठेवले ते कसे दिसणार?" त्यांनी मान खाजवली आणि नजर इस्त्रीच्या टेबलाकडे वळवली. "बरणी उलटी ठेवता येते, आत्या. माणसाचं काय करायचं?"

टेबलाशी सून होती. इस्त्री थांबली नाही, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या आत्यांनी पाहिल्या. आणि देव क्षमा करो, त्यांच्या मनात आलं, लाल का झाल्या?

पोस्टमास्तर शर्ट काउंटरवर टाकून गेल्यावर आत्यांनी तो हुंगला. धुतलेल्या कपड्याला नाक लावायला बंदी नव्हती. वास होता. पुसट, पण होता. दुसऱ्या घराच्या शर्टाला होता, तिसऱ्याला नव्हता. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

साबणाच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली आत्यांच्या गळ्यात आली. तरी वास येतच राहिला. मग आत्या सुनेच्या मागे मागे राहू लागल्या. ती टाकीशी वाकली की यांना मशीनमागे काहीतरी शोधायचं असायचं. एकदा त्यांनी तिचा हातच धरून नाकाजवळ नेला.

"काय झालं आई?"

"काही नाही गं. भाजलं का बघत होते."

"भाजलं असतं तर मीच ओरडले असते की."

गल्लीतल्या बायका काउंटरवर हळूच विचारायच्या, "सूनबाईंच्या माहेरून काही येतं का हो? सहज विचारलं." सहज विचारणाऱ्यांनीच अर्ध्या जगाचे संसार मोडले आहेत. आत्या वरवर झटकून टाकायच्या, पण रात्री प्रार्थनेला बसल्या की डोळ्यांसमोर देवाऐवजी निळा डबा यायचा.

एका मंगळवारी सून भाजी आणायला गेली असताना आत्यांनी तिचं कपाट उघडलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, गादीखाली हात घातला. काही नव्हतं. होतं तसं नीट लावून त्या खाली आल्या आणि देवाचं नाव घेत बटणं लावत बसल्या.

संध्याकाळी सून समोर येऊन उभी राहिली.

"आई, माझं कपाट कुणी उघडलं?"

"कुणी कशाला उघडेल?"

"माझ्या घड्या मी ओळखते. बाही मी आतून दुमडते, तुम्ही बाहेरून." ती जरा थांबली. "विचारायचं होतं. मीच उघडून दाखवलं असतं."

चोरी पकडली गेली की माणसाने खरं तर गप्प बसावं. आत्या उसळल्या. "मग वास येतो कुठून? सांग ना! या घरात तिकडचं दुसरं आहे तरी काय?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच ऐकू आलं, आपण काय बोललो. सुनेने इस्त्रीची पिन काढली, वायर गुंडाळली. "परवाच्या बसने जाते," म्हणाली आणि वर गेली.

मुलाला फोन लावला तर मागे इंजिनाचा आवाज. "तुम्ही दोघी काय ते बघा ना आई. मी गाडीवर आहे." तो नेहमीच गाडीवर असतो.

दुसऱ्या दिवशी सून खाली आली नाही. आत्यांनी पोस्टमास्तरांचं गाठोडं मुद्दाम स्वतःच्या हाताने केलं. कुलूप काढून पावडर काढली, टाकीत टाकली, मशीनला लावलं, वाळवलं, इस्त्री फिरवली. इस्त्रीची वाफ कॉलरमधून वर आली आणि आत्यांनी इस्त्री उभी केली. लिंबू. मागून किंचित गोड.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सुनेचा हात कशालाच लागला नव्हता.

काउंटरखाली नुकतीच आलेली, न सोडलेली गाठोडी होती. त्यांच्याकडे आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मग दार लोटलं, आणि सासूची मनातल्या मनात माफी मागून पहिलं गाठोडं सोडलं. एक मळका शर्ट उचलून नाकाशी धरला. घाम, तंबाखू, तळणाचा वास. आणि कॉलरशी, फक्त कॉलरशी आणि मनगटाशी, लिंबू. हात लावला तर कॉलर अजून दमट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! लोक लाँड्रीत कपडे द्यायच्या आधी घरी कॉलर घासून देत होते. इतकी मळकी कॉलर आत्यांनी पाहिली तर काय म्हणतील, ही लाज. ही खोड गल्लीत जुनीच असणार. आणि घासत होते ती कपाटात दडवलेल्या निळ्या डब्याने. त्यांनी दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. सगळ्या नाही, पण अर्ध्याअधिक घरांच्या दोऱ्यांना लिंबू होतं. आपलं ठेवायचं झाकून, आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

पण संशयाची सवय वाईट. आता त्यांना स्वतःच्या नाकाचाच भरवसा वाटेना. त्या उठल्या आणि तडक पोस्टमास्तरांच्या घरी गेल्या. पोस्टमास्तर बैठकीला गेले होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. हात कोपरापर्यंत फेसात, आणि त्या फेसाचा वास आत्यांना उंबऱ्यावरच आला.

"आत या," बाई पुटपुटल्या आणि दार लावून घेतलं. "आत्या, यांना सांगू नका. त्या दुसऱ्या पावडरीने यांच्या मानेला चट्टे उठतात. म्हणून मी आपली कॉलरपुरती…"

"त्यांना माहीत नाही?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांनी कधी विचारलं नाही."

"माझ्या सुनेबद्दल मात्र गावभर विचारतात ते."

"काय करू हो? त्यांना कळलं तर मला घरात उभं करायचे नाहीत."

वाटेत आत्यांनी मनाशी हिशोब मांडला. गप्प बसलं तर कागद राहील, चादरी राहतील, सून जाईल. बोललं तर गिऱ्हाईक तोंड फिरवेल. चोरी उघडी करणाऱ्याकडे कोण कपडे टाकतो? आणि पोस्टमास्तरांची बायको फुकट भरडली जाईल. घरी येऊन त्या थेट वर गेल्या. सून बॅग भरत होती.

"वास गिऱ्हाइकांच्या घरून येतोय," आत्या दारातच म्हणाल्या. "घरी कॉलर घासून पाठवतात मेले."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही हुंगत नाही, मी हुंगते. आमच्या घरी आई त्याच पावडरीने धुते. मी डोळे मिटून सांगेन, कुणाकडे अजून डबा आहे आणि कुणाकडचा संपला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खरं मानलं असतं?"

सुनेने बॅगची चेन ओढली. "मला खाजगीत सांगून काय उपयोग, आई? आरोप काउंटरवर झाला होता."

संध्याकाळी कपडे न्यायला गर्दी झाली. पोस्टमास्तरही होते. आत्यांनी कुणाच्या हाती पुडकं दिलं नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"ऐका. तुमच्या कपड्यांना निळ्या डब्याचा वास येतो तो माझ्या सुनेचा नाही. ती पोर स्वच्छ आहे. वास तुमच्याच घरून येतो. कॉलर घासून पाठवता ना? मी गाठोडी हुंगली. धंद्याचा नियम मोडला, त्याचं मी देवाला उत्तर देईन."

मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघू लागला, आणि शेजारी त्याच्याकडे.

"नावं सांगा!" पोस्टमास्तर कडाडले.

"नावं नाही सांगणार."

"सांगायलाच हवीत! समितीला—"

"जाऊ द्या हो पोस्टमास्तर," मागून कुणी म्हणालं. "कशाला उगाच," दुसरं म्हणालं. "उशीर होतोय," तिसरं. बघता बघता सगळ्यांनाच घाई झाली. पोस्टमास्तर तेवढे मान खाजवत उभे राहिले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की नाव बाहेर येणार नाही एवढं ताडूनच ते ओरडत होते, हे आत्यांना आजही सांगता येत नाही.

रात्री मशीनचा खडखडाट बंद झाल्यावर सून खाली आली. "तरी मी जाणार आहे," ती म्हणाली. "आईला भेटून येते."

"येतेस ना पण?"

"येते म्हटलं ना."

ती गेली. समितीने हिरवा कागद काढून नेला, मागोमाग चादरीही गेल्या. एक मशीन झाकून ठेवलं. गल्लीने निकाल लावून टाकला, ती आता कसली येते, पाखरू उडालं. आत्या कुणाशी वाद घालत नव्हत्या. दुपारी बस यायच्या वेळेला मात्र इस्त्री करताना त्यांचं लक्ष रस्त्यावर जायचं, आणि एक दिवस त्यापायी एक चांगला शर्ट जळला. त्यांच्या मनातही नेमकं तेच होतं जे गल्लीच्या मनात होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

महिना उलटायच्या आत सून आली. उन्हाने दमलेली, केस विस्कटलेले, हातात तीच बॅग. आत्यांनी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली.

"उशीर झाला?"

"सीमेवर अडवलं. आपल्याच बाजूला. सगळी बॅग उचकटली, एकाने माझ्या कपड्यांना नाक लावून पाहिलं. म्हणाला, खरं सांगा बाई, तिकडचं काय आणलंय?"

"मग?"

"म्हटलं, मलाच."

आत्या हसल्या. सून हसली नाही. भांडं खाली ठेवून ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली आणि जळलेला शर्ट उचलून म्हणाली, "हा कुणी जाळला?"