गिटारीचं दावं

पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा तो इंदापूरचा माणूस. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तीच जुनी विलायती इलेक्ट्रिक गिटार तो विकतोय असं कळलं आणि मी बारामतीहून एस.टी.नं धावलो, तर पुण्याचा एक व्यापारी आधीच हजर!

तारांचा आवाज पकडणारं गिटारीचं कॉइल जळाल्यावर या कारागिरानं ते केसाएवढ्या तांब्याच्या तारेनं स्वतः भरलं होतं. आवाजाचं बटण तर चक्क ट्रॅक्टरचं!

"हे सगळं उपटून मूळचं बसवतो आणि काचेत ठेवतो," व्यापारी म्हणाला.

"मग काचच घ्या की राव, गिटार कशाला?" असं म्हणून कारागीर माझ्याकडं वळला. "तुमी वाजवा."

पन्नाशीत शिकलेली माझी एकमेव धून मी छाती फुगवून वाजवली. तो डोळे मिटून ऐकत होता.

"चुकतंय, पन वाजतंय. न्या!"

व्यापाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पैसे देऊन मी गिटार गळ्यात अडकवणार, तोच कारागिरानं तिचा पट्टा सोडवून घेतला.

"जनावर इकलं तरी दावं आपल्यापाशीच ठिवायचं असतंय. न्हायतर गोठ्याची बरकत जाती."

या दुकानात गोठा कुठला, हे मी विचारलं नाही. पट्टा खांद्यावर टाकून तो पुन्हा मोटारीपुढं बसला. मी मात्र ती गिटार दोन्ही हातांवर आडवी घेऊन भर बाजारातून असा निघालो, की लोकांनी आपणहून वाट दिली.