उतरवलेला ताप

दवाखान्यात न्यायच्या आधी तुम्ही आजारी लेकराचा ताप उतरवता, वेणीफणी करता, धुतलेले कपडे घालता, ते नेमकं कशासाठी?

आमच्या घरी ही रीत होती. आरमोरीकडच्या आमच्या गावातून डॉक्टरसमोर गबाळं जायचं नाही, हा आईबाबांचा नियम. बाबांनी आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटली. ‘स्वाभिमान’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधी पत्रकावर पाहिला.

त्या दिवशी धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू होती. सारं गाव बांधीत, खाचराच्या चिखलात. माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. चौदा वर्षांच्या त्या पोरीला सकाळीच सणकून ताप भरला. आईनं तापाची गोळी दिली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, तेल लावून वेणी घातली.

“कपाळ निवलं का मंग निघू,” ती म्हणाली. “अशी जळती पोरगी ऑटोत कशी बसवू?”

दोन तास गेले. मी नुसतं घड्याळ बघत होते.

आणि सिकलसेलमध्ये काय होतं, हे मीच पत्रकं वाटत गावोगाव सांगत फिरत होते. लाल पेशी वाकतात, फुटतात. त्यांतून जे सांडतं त्याला शरीर शत्रूची चाहूल समजतं. मग पांढऱ्या पेशी एकमेकींना इशारे धाडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, लाल पेशी त्यांच्यात अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. शत्रू आलेला नसतानाही पहारा जागाच. खरा जंतू शिरतो तेव्हा मात्र त्याला गाळून अडवणारी पानथरी, म्हणजे प्लीहा, बहुधा लहानपणीच निकामी झालेली असते. अशा अंगातून बाहेर ऐकू येणारी हाक म्हणजे ताप. तीच आम्ही गोळी देऊन गप्प केली होती.

आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी थर्मामीटर पाहिला. “हिले तर ताप नाई. थकली असन. आराम करू द्या.”

रांगेत आमच्याच गावच्या दोन बाया होत्या. सिकलचं कार्ड माझ्या पिशवीत होतं, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला ठाऊक होता: या बाया गावात सांगतील, मग हिची सोयरीक कोण करेल? सभेत घसा फोडणारी मी गप्प राहिले.

शेवटी धाकटीच बोलली. “बाई, मले सिकल आहे. सकाळी लय ताप होता, आईनं गोळी देल्ली. ताई सांगनच, पण तिले बोलाले पत्रक लागते.”

रांगेतली एक बाई हसली. नर्सबाई हसल्या नाहीत; त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. जंतू छातीत उतरले होते. तिथंच इंजेक्शन दिलं, रुग्णवाहिका आली. गडचिरोलीपर्यंत मी तिचे श्वास मोजत बसले. आईनं तिच्या वेणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडलंच नाही.

ती वाचली. अजूनही ती जरा गप्प बसली की माझा हात तिच्या कपाळावर जातो. ती चिडते, “तवा तापला का पाहाल्यासारखी काऊन पाहून राह्यली मले?”

मी हात काढून घेते आणि थोड्या वेळानं पुन्हा लावते.

तुमच्या घरात, शेजारात सिकलसेलचं माणूस असेल आणि त्याला ताप आला, तर तयारी करत बसू नका. निघा. गोळी दिली असेल तर केव्हा दिली ते सांगा. आणि रांगेत ओळखीचं कोणीही उभं असो, ‘सिकल’ हा शब्द सगळ्यांत आधी, मोठ्यानं बोला.