हळदीखालचा खांदा

मेहकरच्या शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवतो. 'क्रूर' म्हणजे निर्दय, असं दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, पण हा शब्द आला कुठून?" संस्कृत कोश उघडला. क्रूर: कच्चं, रक्ताळलेलं, जखम. म्हणजे मारणाऱ्याला चिकटण्याआधी हा शब्द सोललेल्या अंगाचा होता. तास अर्धवट सोडून मी व्हरांड्यात येरझारा घालू लागलो. तो अर्थ मी डोळ्यांनी पाहिला होता.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंच झालं होतं. आमचं गाव लोणारजवळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडील बाजाराला गेलेले, सालाने ठेवलेला गडी, आमचा सालदार, नदीवर. लोणारच्या स्टँडवर मित्र उतरणार होते, त्यांच्यापुढे मला बैलगाडी मिरवायची होती. सालदाराने सकाळीच बजावलं होतं, "भाऊ, पांढऱ्याले जुंपू नोका. खांदा आला त्याचा, सुजला हाय."

जुंपला. चढावर बसला तेव्हा तुतारीची, हाकायच्या काठीची, आरही टोचली. मित्र आलेच नाहीत. घरी जू काढलं तर खाली कातडं सोललेलं, मांस लालभडक. मी त्यावर हळद थापली. संध्याकाळी खांदशेकणीत बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लागणारच होती. कोणाच्या लक्षात येणार?

वडिलांनी कोमट तुपाचा तळवा पांढऱ्याच्या खांद्यावर ठेवला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले..." बैल उसळला. तळव्यावर हळद निघून आली, तिच्यात रक्त.

"कोनं जुंपला बे याले?"

सालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी तुपाची वाटी धरून उभा. वडील सालदाराकडे वळले.

"बोलत काऊन नाही बे? क्रूर हायेस तू, क्रूर!"

पोळ्याला तोरणाखाली पांढऱ्याचा कासरा दुसऱ्याच्या हाती होता. "काय कसाईबुवा, आज सुट्टी काय?" कोणीतरी सालदाराला म्हणालं, सगळे हसले. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल संपलं तसा तो निघून गेला.

कोश मिटल्यापासून चैन नव्हती. रविवारी रोहिणखेडला गेलो. सालदार आता तिथे लेकीकडे राहतो. ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तो तंबाखू मळत ऐकत राहिला.

"मले मालूम हाय न, भाऊ. जुवाले रक्त होतं." मग म्हणाला, "तुमी सांगसान म्हणून अखजीलोक थांबलो."

त्याने तंबाखू तोंडात टाकली.

"मालक हायेत अजून?"

"आहेत. गावीच."

"मंग त्याहिले सांगा. मले काय सांगता?"

मेहकरला उतरलो, घरी गेलो नाही. लोणारची गाडी लागलेली होती. आत जागा होती, पण बसवलं नाही; गावापर्यंत उभाच गेलो.