मोठं झाकण

आनंदनगरच्या कंपनीत मी बाटल्यांवर लेबल चिकटवायचे आणि झाकणं लावायचे. आत निळसर पाणी, पिकांवरच्या रोगाचं औषध. साहेब सांगायचे, यात तांब्याचे कण इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसायचे नाहीत, म्हणून थोडंसंच पुरतं आणि जमिनीत विष कमी जातं. लेबलवर मोठ्या अक्षरात नॅनो. तेव्हा त्या नावाची छोटी गाडी टीव्हीवर सारखी दाखवायचे. टेबलावरच्या बायका म्हणायच्या, "गाडी राहू दे, बाटलीत तरी बसून घ्या गं."

एकदा झाकणं संपली. सुपरवायझरने उल्हासनगरच्या व्यापाऱ्याकडून फिनेलच्या बाटल्यांची झाकणं मागवली. ती खोल होती. एक बाई म्हणाली, "हा तर चहाचा पेलाच झाला." सगळ्या हसल्या, मीही हसले. सुपरवायझर म्हणाला, "गळा सेम आहे ना? मग लावा, टाइमपास नको." आम्ही लावली. लेबल तेच राहिलं.

त्याच आठवड्यात साहेबांना औषध वापरून बघायला शेत हवं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी आपणहून एकदाच बोलले. "जांभूळ गावात माझ्या भावाचा काकडीचा मांडव आहे," एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याच टेबलावरच्या दोन बाटल्या उचलून दिल्या.

दादाला वाचता येत नाही. म्हणाला, "कंपनीवाली तू. तूच वाच." मी मोठ्याने वाचलं: एका पंपाला एक झाकण. माझी चौथीपर्यंतची शाळा माहेरी पहिल्यांदा कामाला आली. वहिनी म्हणाली, "एवढ्याशानं काय व्हतंय? आपल्या नेहमीच्या औषधाला तीन लागतात." दादा तिच्यावर ओरडला, "तिनं वाचलंय ना? मग एकच." आमच्याकडे औषध झाकणानेच मोजतात. त्याने काठोकाठ एकच झाकण ओतलं. मी उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पानं कडेने भाजली, मग फुलं गळाली. बोटाएवढ्या काकड्या वेलावरच वाकड्या होऊन सुकल्या.

साहेब बघायला आले. मांडवाखाली वाकले आणि विचारलं, "किती टाकलंत?"

"एक झाकण."

"खरं सांगा. तुम्हा लोकांना सवयच असते, थोडं जास्त टाकायची."

दादाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. "अगं, तू होतीस ना? सांग साहेबांना."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बांधावर बाटली पडली होती. तिचं झाकण बघितलं आणि बायकांचं ते हसणं आठवलं. सगळं तोंडापर्यंत आलं. पण बोलले असते तर सुपरवायझरचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं असतं. मी म्हटलं, "एकच लिहिलंय." किती टाकलं, ते बोलले नाही. साहेबांनी कागदावर लिहिलं, शेतकऱ्याने मात्रा जास्त वापरली. दादाने खाली अंगठा दिला. काय लिहिलंय, हे त्याने मला विचारलंही नाही.

पुढे जुनी झाकणं आली. मी दोन्हींतलं एकेक घरी कात्रपला आणलं आणि पाणी भरून बघितलं. मोठ्यातल्या पाण्याने लहान तीनदा भरलं. म्हणजे वहिनीचा तीन झाकणांचा अंदाज माझ्या हातूनच खरा झाला होता, फक्त या औषधाला तो चालणारा नव्हता.

नोकरी टिकली. सणाला माहेरी गेले की वहिनी भाजीपाशी मला येऊ देत नाही. "मीठ नको घालूस बाई, तुझं माप आम्ही बघितलंय." दादा आता औषध आणलं की दुकानदाराकडून वाचून घेऊनच येतो. मी घरी ओट्यावर समोरच बसलेली असते.