बिअरचं अ‍ॅप मी निवडलं: सेम्बावांग, क्लेमेंटी, वन-नॉर्थ

रात्रभर झोपले नाही. चिऊ झोपली, ती आठ महिन्यांची आहे, तिला काय. मी मात्र छताकडं बघत पडले होते. सिंगापूरला माझ्या दादाच्या घरी, स्टोअररूममध्ये, त्यानं बनवलेल्या बिअरच्या बाटल्या आहेत. मला वाटतंय त्या बाटल्यांमध्ये साखर दोनदा पडलीय. साखर जास्त झाली की बाटली फुटते, काच उडते. आणि माझी भाची सई रोज शाळेतून आली की तिथंच बसून बाहुल्यांशी खेळते.

खरं तर मी सहलीचं सांगायला बसले होते. वहिनीनंच हा ब्लॉग काढून दिलाय. म्हणाली, तुझं तोंड काही बंद होत नाही, मग इथं बोल. मी फोनपुढं बोलते, फोन लिहितो. काल असंच बोलत बोलत बाटल्या भरल्या त्या दिवसापर्यंत आले आणि एकदम थांबले. आता पहिल्यापासून सांगते. म्हणजे तुम्हीच बघा, मी उगाच घाबरते की खरंच तसं झालंय.

जायचं ठरलं ते दादामुळं. तो म्हणाला, "रुपे, बार्शीच्या बाहेर काय बघितलंस तू? चिऊचा पासपोर्ट काढ, तिकीट माझ्याकडं लागलं." आमचे हे टेम्पोवर असतात, लांबच्या फेऱ्या. ते म्हणाले, जा. मी जन्मात विमानात बसले नव्हते. लहान बाळ घेऊन जाणाऱ्या बायांसाठी सांगते, विमान वर चढताना आणि खाली उतरताना बाळाला पाजत राहा, कान दुखत नाहीत. आणि सिंगापूरला उतरायच्या आधी एक फॉर्म फोनवरच भरायचा असतो, तो घरूनच कुणाकडून तरी भरून घ्या.

पहाटे उतरलो. काचेतून बघितलं तर समुद्रात दिवेच दिवे. कुणीतरी परडीतले दिवे पाण्यात सोडून विसरून गेलंय, असं वाटलं. त्या बोटी होत्या, थांबलेल्या. मला ते अजून डोळे मिटले की दिसतं.

दादाचं घर सेम्बावांगला. सिंगापूरच्या अगदी वरच्या टोकाला, बोटी दुरुस्त करतात त्या बाजूला. सरकारी उंच बिल्डिंगा, खाली झाडं, लिफ्टमध्ये आरसा. घरात एक छोटी खोली आहे, तीच ती स्टोअररूम, जाड सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी दार. तिकडं लढाई झाली तर लपायला म्हणून प्रत्येक घरात देतात. लोक तिच्यात सुटकेसा आणि तांदूळ ठेवतात. दादाच्या त्या खोलीत खाली रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि त्यांच्यावर सईचं बाहुलीघर. मी ते दार ढकलून बघितलं.

"दादा, हे बंद झालं आणि पोरगी आत राहिली तर?"

"आतून उघडतं ते."

"आणि नाही उघडलं तर?"

सई सहा वर्षांची. ती बाहुलीचे केस विंचरत म्हणाली, "आत्या, व्हाय यू सो स्केअर्ड? इट्स ओके लाह." तिकडं बोलताना सगळेच शेवटी ते लाह लावतात.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्याला गेलो. सेम्बावांगलाच आहे, तिकीट नाही, घरून अंडी न्या. नळातून कढत पाणी येतं, बादलीत अंडी ठेवायची आणि वाट बघायची. म्हातारे लोक पाय सोडून डोळे मिटून बसलेले. आम्हीही बसलो. वाफ वर जात होती, चिऊ त्या वाफेला हात लावायला बघत होती. तिथं दादानं मला बिअर समजावली.

घरी पिण्यापुरती बिअर बनवायला तिकडं परवानगी आहे, विकायची नाही. आपल्याकडं कायदा वेगळा आहे, म्हणून वाचून कुणी करायला जाऊ नका. तर धान्याचं गोड पाणी काढायचं, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट टाकायचं. मग ते बादलीत आंबत राहतं. आंबोळीचं पीठ फुगतं तसंच. शेवटी बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. यीस्ट ती खातं, गॅस सोडतं, बाटली बंद असते, तोच फेस.

मी विचारलं, "आणि साखर जास्त पडली तर?"

"तर बाटली फुटते. म्हणून तर सॉफ्टवेअर लागतं. किती धान्य, किती हॉप्स, किती साखर, सगळं ते सांगतं."

हे ऐकलं तेव्हाच मला भीती वाटली होती. पण पाय गरम पाण्यात होते, अंडी शिजत होती. भीतीसुद्धा जरा वेळ झोपली.

आता सॉफ्टवेअरचं. दादा आणि त्याचे मित्र फडके दोघं मिळून बिअर बनवतात. फडके मूळचे मुंबईचे, बँकेत आहेत, क्लेमेंटीला राहतात. दादा लॅपटॉपवरच्या प्रोग्रामवर हिशोब करतो, फडके फोनवरच्या अ‍ॅपवर. एकाची रेसिपी दुसऱ्याला उघडत नाही. दोन वर्षं भांडण चाललंय म्हणे की एकच कुठलं तरी घ्यायचं.

तिसऱ्या दिवशी आम्ही फडक्यांकडं गेलो. सेम्बावांगहून लाल लाइनची एमआरटी, म्हणजे तिकडची मेट्रो, जुरोंग ईस्टला बदलायची, पुढचंच स्टेशन क्लेमेंटी. बाबागाडी उघडी घेऊन जाता येतं, लिफ्ट सगळीकडं आहे. पण गाडीत खायचं-प्यायचं नाही, दंड आहे. रस्ताभर गाडी घरांच्या वरून जाते. लोकांचे वाळत घातलेले कपडे बांबूवर झेंड्यांसारखे बाहेर आलेले, खाली एवढी झाडी. मला वाटलं मी झोपेत चाललेय आणि कुणी उठवू नये.

त्यांच्या बिल्डिंगीखाली हॉकर सेंटर आहे, आपल्या खाऊगल्लीसारखं, तिथं आधी प्राटा खाल्ला. आपल्या परोठ्याचाच भाऊ, सोबत डाळीची आमटी. दोन-तीन डॉलरला पोट भरतं. शाकाहारी असाल तर आमटीत मासा नाही ना, ते विचारून घ्या.

फडक्यांनी दारातच विचारलं, "ताई, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

दादा म्हणाला, "तिलाच ठरवू दे. ती नववी शिकलीय. जे तिला चालवता येईल ते कुणालाही येईल. ते घ्यायचं, विषय संपला."

"मंजूर! पण नंतर रडायचं नाही."

मला राग आला नाही. नववी तर नववी, खोटं काय त्यात.

परीक्षा झाली वन-नॉर्थला, दुसऱ्या दिवशी. दादाचं ऑफिस तिथंच. सकाळी दादानं मला क्लेमेंटीला सोडलं, तिथून फडक्यांबरोबर निघाले, बुओना व्हिस्टाला गाडी बदलली की लगेच पुढचं. सगळ्या काचेच्या बिल्डिंगा, काचेत ढग चालतात. खाली बाकं होती, तिथं बसलो. बादलीत जी बिअर तयार होत आली होती तीच रेसिपी मी दोन्हीत भरायची होती.

दादाच्या लॅपटॉपवर रकानेच रकाने. पाणी किती, तर ते गॅलनमध्ये विचारतंय. मी म्हणलं, "दादा, गॅलन म्हणजे किती तांबे?" फडके एवढे हसले की शेजारचा माणूस उठून गेला. दादानं ते लिटरवर करून दिलं. पण खरं सांगते, दादाचं वाईट नाही. एकदाच पैसे भरायचे, नेट नसलं तरी चालतं, आणि आपल्या पातेल्यात किती पाणी आटतं ते सांगून ठेवलं की पुढच्या वेळी तेवढं धरून हिशोब देतं. फडक्यांच्या अ‍ॅपमध्ये चार रेसिपी फुकट, पुढं महिन्याला पैसे.

पण फडक्यांच्या अ‍ॅपमध्ये एक ग्लास आहे.

ग्लासाचं चित्र. धान्य वाढवायला बोट उजवीकडं सरकवलं की ग्लासातला रंग बदलतो. पहिल्यांदा कडब्यासारखा. मग मधासारखा. मग गुळासारखा, मग चिंचेच्या कोळासारखा. मी बोट हळूहळू मागं-पुढं करत बसले. एका जागी असा रंग आला, उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर दिवे लागायच्या आधी असतो ना, अगदी तो. चिऊपण बघत राहिली. मी बिअर पीत नाही, आणि चिऊ अंगावर पिते म्हणून प्यायचीही नाही. पण त्या ग्लासात मला पाय सोडून बसावंसं वाटलं.

"हे," मी म्हणलं.

दादा उठूनच उभा राहिला. "रंग बघून सॉफ्टवेअर घेतात का, रुपे? साडी आहे का ती?"

"हरलास. चहा पाज," फडके म्हणाले.

त्यांनी लगेच ते अ‍ॅप माझ्या फोनमध्येपण टाकून दिलं. दादानं चहाचे पैसे दिले. रात्री जेवताना म्हणाला, यावेळची बिअर मी माझ्याच हिशोबानं पुरी करणार. फडक्यांनी फोनवरून सांगितलं, मी माझ्या. वहिनी हिशोबाच्या कामाला आहे, दिवसभर आकडे बघून डोकं उठलेलं असतं. ती म्हणाली, "बाटल्या भरायच्या दिवशी कुणी सॉफ्टवेअरचं नाव काढलं तर दोघांनाही जेवायला मिळणार नाही."

तो दिवस माझ्या निघायच्या आदल्या दिवशी आला. बाहेर पाऊस पडून गेला होता, खिडकीतून ओल्या झाडांचा वास. सगळं कसं हळू चाललं होतं. दादानं फ्रिजमधून बादली काढली, छोट्या पातेल्यात साखरेचं पाणी उकळलं, गार केलं, बादलीत ओतलं, हलक्या हातानं ढवळलं. मी चिऊला कडेवर घेऊन बघत होते. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला, तो आत गेला आणि दार लावलं.

मग फडके आले. हात धुतले, फोन भिंतीला टेकवला, त्यावर तो ग्लास. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, खडीसाखरेसारख्या गोळ्या. प्रत्येक बाटलीत एक गोळी टाकायची, वर नळीनं बिअर. सई बाटल्या देत होती. बिअर भरताना खरंच त्या रंगाची होती, माझ्या गच्चीच्या रंगाची. मी म्हणलंसुद्धा, "अगदी फोनमधल्यासारखी!" कणकेत मीठ वेगळं आणि भाजीत वेगळं, तसं हेही असेल असं मला वाटलं. बादलीची साखर बादलीला, बाटलीची बाटलीला.

दादा बाहेर आला तेव्हा झाकणं लागत होती. टक्, टक्. दोघं एकमेकांकडं बघून हसले आणि काही बोलले नाहीत, कारण वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. वरण-भात, बटाट्याची भाजी झाली. भरलेले क्रेट परत त्या खोलीत गेले, सईनं त्यांच्यावर चादर घातली आणि वर बाहुल्यांची पंगत मांडली.

घरी येऊन आठवडा होऊन गेला. मुंबईहून एसटीनं बार्शी, अंग आंबून गेलं. काय राहिलं विचाराल तर ते बोटींचे दिवे, वाफेकडं हात करणारी चिऊ, आणि फोनमधला ग्लास. भांडी झाली की मी अजून तो उघडते आणि रंग बदलत बसते. काल सगळं सांगताना बादलीची साखर सांगितली, मग गोळ्या सांगितल्या, आणि झऱ्यावरचं दादाचं बोलणं आठवलं. थोडी साखर, मोजून. दोघांच्या सॉफ्टवेअरनं मोजूनच सांगितली होती. पण दोघांनी घातली.

तिथं उकाडा आहे. खोली बंद असते. किती दिवसांत फुटतात मला माहीत नाही.

दादाला फोन लावला. तो माझे फोन उचलत नाही. आल्यापासून मी रोज करत होते, सई शाळेतून आली का, गॅस बंद केला का, ते लोखंडी दार उघडं ठेवलंय का. तो म्हणाला, "घाबरट, आता आठवडाभर तुला म्यूट करतो." आणि केलंय. मेसेज पोचतात, वाचलेले दिसत नाहीत. वहिनीनं एकदा उचलला, मागं माणसं बोलत होती, मी साखरेचं सांगितलं तर म्हणाली, "हो गं, सांगते त्याला, नको काळजी करूस." पण ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला माहितीय. चिऊ शिंकली तरी मी फोन करते, त्याच्यासाठीचा आवाज आहे तो. ह्यांचा फोन लागत नाही, घाटात असतील. आईचा फोन बटणाचा, त्यावरून सिंगापूरला लागत नाही. फडक्यांचा नंबर मी घेतलाच नाही.

म्हणून इथं टाकतेय. फडके, तुम्ही विचारलं होतं ना ब्लॉगमध्ये अ‍ॅपबद्दल काय लिहिलं ते सांगा, तर हे लिहिलंय. सेम्बावांगचं कुणी असेल, बार्शीचं कुणी असेल, ज्याच्याकडं दादाचा नंबर आहे त्यानं त्याला फोन करा. सांगा, सईला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस. बाटल्या हलवताना जाड टॉवेल गुंडाळ, डोळ्याला चष्मा लाव, सगळ्या फ्रिजमध्ये ठेव, गार झाल्यावर एकेक हळू उघड.

आणि मी सांगितलं असं म्हणू नका. हसेल आणि ठेवून देईल. तुम्हालाच सुचलं म्हणून सांगा, पण आत्ता करा, सईची शाळा सुटायच्या आत.