डबीचं बारसं

आमच्या घरात गेम मी खेळते. हे एकदा स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण दुकानात, शेजारी आणि भिशीत सगळ्यांनी "नातवाचा का?" असं विचारून माझा पुरेसा अंत पाहिला आहे. मला नातू नाही. मला एक मुलगी आहे, ती जर्मनीत नोकरी करते, आणि दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी मिळून एक गाव चालवतो.

गाव अर्थातच कॉम्प्युटरमधलं. नदी, दोन काठांवर दोन घरं, बटाटे, भोपळे आणि एक अतिशय आगाऊ बोकड. मुलगी परदेशी जाताना आपला जुना मॅक मला देऊन गेली आणि हा गेमही शिकवून गेली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता माउसनं नांगरायचं का, असं मी तेव्हा बरंच बोलले होते. महिन्याभरात बोकड कुंपण तोडून गेला म्हणून माझी भाजी करपली. मॅक आमच्या फोटोंनी गच्च भरलेला, म्हणून तिनं गेम आणि गाव दोन्ही एका बाहेरच्या डिस्कवर ठेवलं होतं. काडेपेटीएवढी काळी डबी, वायरनं मॅकला जोडलेली. गाव माझ्याकडच्या या डबीत राहत असल्यानं मी दार उघडलं तरच लेकीला आत येता येतं.

फोनवर आमचं बोलणं म्हणजे नुसती हजेरी असते. जेवलीस का, हो, थंडी आहे का, हो, बरं ठेवते. गेम खेळता खेळता बोलतो तेव्हा तसं होत नाही. शेजारी बसून मेथी निवडताना बायका जे बोलतात ते समोरासमोर बसवलं तर बोलणार नाहीत, तसंच काहीसं. हात बटाट्यांत गुंतले की आमच्या लेकीचं तोंड उघडतं. तिथल्या साहेबाचा खडूसपणा, एकटीनं काढलेला ताप, हे सगळं मला भोपळ्यांना पाणी घालतानाच कळलं आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती जरा गप्प होती. मी मध्ये कुकर बंद करायला उठले आणि परत आले, तेव्हा म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय. पण आज नको, पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी गेम उघडलाच नाही.

खालच्या पट्टीतलं चित्र दोन-तीन उड्या मारायचं, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि सगळं गायब. मग एक चौकट यायची: गेम अनपेक्षितपणे बंद पडला आहे. पहिल्यांदा ठीक आहे, पण विसाव्यांदा त्यात अनपेक्षित काय राहिलं? 'पुन्हा उघडा' असंही एक बटण होतं. ते दाबलं की तो पुन्हा उघडायचा आणि पुन्हा पडायचा. निदान कामात सातत्य होतं.

मी मॅक बंद करून सुरू केला. वायर बदलली. मॅकला जे काही नवीन हवं होतं ते सगळं रात्रभर डाउनलोड करू दिलं. गावाला धक्का न लावता गेम तेवढा काढून त्याच डबीत नव्यानं टाकला. एका परदेशी मुलानं व्हिडिओत सांगितलं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सतरा ठिकाणी परवानगी दिली. नवरा अधूनमधून डोकावून "फुंकर मार, धूळ असेल" एवढं तांत्रिक मार्गदर्शन करून जायचा. मी मुलीला मेसेज केला तर उत्तर आलं, "राहू दे गं आई, बघू नंतर." फोनवर विचारलं, काय सांगायचं होतं? "काही नाही गं. सांगेन."

मी तिला ओळखते. नंतर म्हणजे कधीच नाही. तिच्या मनात काहीतरी सलत होतं, ते ज्या एकाच जागी बोलता आलं असतं ती जागा बंद होती, आणि ती बंद आहे म्हणून तिला सुटल्यासारखं वाटत होतं. दोन रविवार तसेच गेले. मी चिडचिडी झाले आणि घरातल्या माणसाला चहासुद्धा आपटून देऊ लागले.

शेवटी मॅक आणि डबी पिशवीत घालून द्वारका चौकाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं आधी नातवाचं विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, मॅकवर गेम कोण खेळतं? असू द्या. आज वेळ नाही, उद्या आणा, सगळं पुसून कोरं करून देतो. एकदम नवीन."

"आणि गाव?"

"कुठलं गाव?"

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. तरी दुसरा उपायही दिसेना, म्हणून घरी येऊन मुलीला फोन लावला आणि सांगितलं की उद्या तो माणूस सगळं पुसणार आहे.

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की नवरा पेपर टाकून आला. "आई, पुसू नकोस. माझं घर आहे त्यात."

मग तिचा आवाज कामाचा झाला. "नीट सांग. शेवटचं चाललं त्या रविवारनंतर आपल्याकडे काय बदललं?"

"काही नाही. मध्ये फक्त दसरा झाला."

"दसऱ्याला बाबांनी काय काय केलं?"

इथे नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो सिन्नरच्या एका कारखान्यात मशीनवर आयुष्य काढून निवृत्त झाला. तिथे दसरा म्हणजे मोठा सण. मशीन पुसायची, झेंडूचा हार घालायचा, कुंकवानं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा. निवृत्तीनंतर त्याच्याकडे मशीन उरलं नाही, भक्ती मात्र तेवढीच राहिली. त्यामुळे आमच्याकडे दसऱ्याला मिक्सर, वॉशिंग मशीन, स्कूटर आणि गिझर यांना हार असतो. गिझरला तो टिकत नाही.

मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मॅकची पूजा केलीत?"

"केली की. दोन फुलं, हळद-कुंकू. पाणी नाही शिंपडलं, मला कळतं तेवढं."

"आणि डबीची?"

"तिचीही. आपट्याचं पान ठेवलं." मग अभिमानानं म्हणाला, "आणि तिला नाव दिलं."

"काय दिलं?"

"अगं, तिचं नाव कॉम्प्युटरवर 'अनटायटल्ड' असं येत होतं. म्हणजे बिननावाची. आमच्या कारखान्यात पाटी नसलेलं मशीन कुणी चालवत नव्हतं. सणाच्या दिवशी घरातली वस्तू बेवारशी ठेवायची का? मी तिथे 'श्री' लिहिलं. आपल्या अक्षरात, दोन्हीकडे दोन-दोन उभे दंड देऊन. शोधून शोधून टाइप केलं."

फोनमधून विचित्र आवाज येऊ लागला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. कित्येक आठवड्यांनी तिचं हसू ऐकलं आणि मला एकदम बरं वाटलं. हसू आवरल्यावर तिनं समजावलं, की गेम सुरू होताना स्वतःचा पत्ता वाचतो, त्या पत्त्यात डबीचं नाव येतं, आणि या बिचाऱ्या गेमला इंग्रजी सोडून कुठलीच अक्षरं कळत नसावीत. वाचता येत नाही म्हणून तो तिथेच कोसळतो.

"म्हणजे देवाचं नाव घेतलं म्हणून बंद पडला?" नवरा दुखावला होता. "मी नाही पुसणार. एकदा दिलेलं नाव काढतात का?"

"अहो, मग इंग्रजीत श्री लिहा," मी म्हटलं. "देवाला चालेल ना?"

"देवाला सगळ्या भाषा येतात. तुमच्या गेमलाच येत नाहीत."

तरीही त्यानं आधी डबीला हात जोडले, मग एका बोटानं चार इंग्रजी अक्षरं लिहिली. मी चित्रावर क्लिक केलं. एक उडी, दुसरी उडी, काळा पडदा. मग कोंबडा आरवला आणि नदी दिसली.

लेकीनं तिकडून लगेच "आले, आले" म्हटलं. ती येईपर्यंत मी गावात नजर फिरवली. भोपळे पिकले होते. बोकड जिवंत होता. नदीपलीकडचं तिचं घर मात्र रिकामं दिसलं. पेटी नाही, पलंग नाही. मी माझ्या घरात गेले, तर दोन्ही वस्तू तिथे, माझ्या चुलीशेजारी भिंतीला लावलेल्या. त्या रविवारी मी कुकर बंद करायला उठले होते, तेव्हाच तिनं हे हलवलं होतं.

ती आली आणि भोपळे काढू लागली. मीही काढू लागले.

"कधी येतेस?" मी विचारलं.

तिचा भोपळा अर्धवट राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"पलंग कुणी उगाच हलवतं का?"

मग ती खरोखर रडली. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिला तिथे करमत नव्हतं, कधीच करमलं नव्हतं. "एवढे पेढे वाटून गेले होते गं," ती म्हणाली. "आता परत आले तर सगळ्यांना काय सांगणार?"

"पुन्हा पेढे देऊ," मी म्हटलं. "दुकान आहे तिथेच आहे."

नवरा माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याला गेममधलं काही कळत नाही असं आम्ही दोघी समजत होतो. तो सरळ तिच्या खोलीत गेला. तिथल्या पलंगावर ती गेल्यापासून रिकामी खोकी आणि जुन्या गाद्या रचलेल्या आहेत. थोड्या वेळानं आतून जड काहीतरी सरकवल्याचा आवाज येऊ लागला.

"आई, आवाज कसला येतोय?" तिनं नाक ओढत विचारलं.

"बाबा तुझा पलंग मोकळा करतायत," मी म्हटलं.