वन्संच्या ऑपरेशनचा कागद

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. वेलांटी कुठं पहिली द्यायची, कुठं दुसरी, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कधी कुणाच्या हाती पडली तर त्यानं चुकांना हसावं, पण पुढचं वाचावं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. जे बोलायला हवं होतं ते मी फार उशिरा बोलले, म्हणून लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची ही हकिकत. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण नात्यानं वन्सं, म्हणून मी त्यांना अहोजाहो करायची. त्या मला 'गो वहिनी' म्हणायच्या आणि दिवसभर माझी थट्टा करायच्या. लालबागला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, नळ खाली. पाणी आणताना वन्सं प्रत्येक मजल्यावर कळशी खाली ठेवून कठड्याला टेकायच्या. ओठ निळसर व्हायचे. लहानपणी गावी त्यांचे गुडघे सुजले होते, सहा महिने अंथरुणात होत्या, तेव्हापासूनचं ते. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कळशी दमली, मी नाय."

घरात हे सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणालाच नाही. त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलगा परळला गिरणीच्या ऑफिसात कारकून, म्हणजे आमच्या मानानं मोठं स्थळ. सासूबाईंनी मला बजावलं होतं, "तोंड उघडशीत तर बघ. सोयरीक मोडली तर तुझ्या माथ्यार."

वन्संचा घसा दर महिन्याला सुजायचा, ताप यायचा. मुलाची आई म्हणाली, लग्नाआधी त्या घशातल्या गाठी काढून टाका. हिंदमाताजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता, चार खाटांचा. तिथं जायचं ठरलं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. ऑपरेशनच्या दिवशीच हरताळ पडला. आम्ही लालबागहून चालत गेलो, वन्संना वाटेत तीनदा बसवलं. मुलाची आई आधीच येऊन बसली होती. डॉक्टरांनी पोलक्यावरूनच नळी दोन ठिकाणी टेकवली आणि विचारलं, "दम लागतो का हिला? सांधे वगैरे सुजले होते कधी?"

मुलाची आई माझ्याकडे बघत होती. सासूबाईही. प्रश्न खरं तर कुणालाच नेमून विचारलेला नव्हता, पण दवाखान्याचा फॉर्म मी वाचून दाखवला होता, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नाही," मी म्हटलं.

भूल देणारे डॉक्टर गिरगावातून यायचे होते. ट्राम बंद, रस्ते अडवलेले. अकरा वाजले तरी ते आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस पुढे ढकलू या." तर सासूबाई म्हणाल्या, "लग्नाक बारा दिवस रव्हले. आता पुढे काय ढकलतास?" डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं.

"देशील का रे?"

"देतो की साहेब. शंभरदा बघितलंय."

वन्संनी माझा हात सोडला नाही, म्हणून मला आत जाऊ दिलं. टेबलावर निजता निजता त्या म्हणाल्या, "गुंगीत मी काय बडबडले तर ऐकू नको हां. नवऱ्याचं नाव घेईन एखादे वेळी." कंपाउंडरनं त्यांच्या नाकावर जाळी ठेवली, जाळीवर फडकं, आणि बाटलीतून औषधाचे थेंब सोडू लागला. डॉक्टर पाठमोरे उभे राहून हात धूत होते. वन्संची बोटं माझ्या हातात सैल पडली.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून मोर्चा आला. घोषणा अशा की खिडकीची तावदानं थरथरली. कंपाउंडर मान वळवून खाली बघायला लागला. हातातली बाटली वाकडीच. मला दिसत होतं, थेंबांची धार झाली होती. फडकं भिजलं, औषध गालावरून ओघळून कानाकडे गेलं. मला 'अहो' एवढंच म्हणायचं होतं. परक्या पुरुषाला हाक कशी मारायची, आणि हेच बरोबर असेल तर, असं मनात आलं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

डॉक्टर वळले आणि ओरडले, "काढ ते! काढ!" वन्संचा चेहरा राखेसारखा झाला होता. नाडी नव्हती. त्यांनी छाती दाबली, वन्संचे दोन्ही हात वर नेऊन खाली आणले, पुन्हा वर नेले, सुई टोचली. किती वेळ गेला सांगता येत नाही, मोर्चा तोवर लांब गेला होता. मग घशातून घरघर आली आणि वन्सं परत आल्या.

पण पूर्वीच्या वन्सं परत आल्या नाहीत. गाठी काढायच्या राहिल्याच. पाय सुजायला लागले, उताणं निजता येईना. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बोलावलं. टेबलावर एक कागद आणि दोनशे रुपये. "दुधाफळांना असू द्या," म्हणाले. ह्यांना सही तेवढी यायची, वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "काय लिवलंय?"

लिहिलं होतं की भूल डॉक्टरांनी स्वतः दिली, आजार नातेवाइकांनी लपवला, आणि आमची काही तक्रार नाही. मी वर पाहिलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी विचारलं होतं ना, बाई? तुम्हीच नाही म्हणालात."

"बरोबर आहे," मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली. त्या कागदातलं एक खरं होतं, म्हणून दुसरं खोटं मला खोडता आलं नाही.

लग्न मोडलंच. पुढे वन्संना परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. टेबलावर नाडी गेल्याचं ऐकून तिथला तरुण डॉक्टर चिडला. म्हणाला, "हिच्या हृदयाची झडप आधीपासून खराब आहे, त्यात एवढा क्लोरोफॉर्म? कोणी दिला? डॉक्टर नसेल तर लिहून द्या, मी वर पाठवतो." हे माझ्याकडे बघायला लागले. मी फरशीकडे बघत राहिले. सासूबाईंच्या कनवटीला ते दोनशे रुपये होते, त्यातूनच औषधं चालली होती.

वन्सं घरीच राहिल्या. एकदा आरशात बघताना गालावरच्या काळपट डागाला बोट लावून म्हणाल्या, "हा कसला गो? तेव्हापासूनचा आहे." मी भाकरी थापत होते. पाठमोरी होते म्हणूनच असेल, सगळं सांगून टाकलं. नाही म्हटलेलं, बाटली, कागद, पैसे.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हातचं जेवल्या, पण ताट भिंतीकडे तोंड करून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दोनशेच? सौद्याला आयेक पाठवायचं होतंस. ती बोंबलाच्या वाट्याला अर्धा तास भांडते." मला रडू आलं. "रडू नको. ते पैसे परत द्यायचे. ते घेतलेत तोवर तुझ्या तोंडातून काही निघायचं नाही."

हिंदमाताच्या एका दुकानाचं पोलक्यांना काजं आणि हूक लावायचं काम आम्ही घेतलं. त्या बसून करायच्या, मी घरकाम उरकून बसायची. दहा रुपये साठले की दवाखान्यात. पहिल्यांदा डॉक्टर घेईनात. वन्सं म्हणाल्या, "मी इथं बाकावर बसते. घ्याल तेव्हा उठीन." बाकावर पेशंट होते. डॉक्टरांनी घेतले.

त्याला चार वर्षं लागली. आपलं राज्य झालं त्या वर्षी आम्ही शेवटचे दहा रुपये घेऊन गेलो. वन्संना आता चालवत नव्हतं, खांद्याला धरून मी नेलं. खुर्चीत बसून, श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, बोल."

मी बोलले. "भूल कंपाउंडरनं दिली होती. त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाटली वाकडी होती, मी पाहिलं. मी तेव्हा बोलले नाही."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तो आता इथं नाही. माहीमला स्वतःची पाटी लावलीय त्यानं. लोक डॉक्टर म्हणतात त्याला."

"आणि भूल?" वन्संनी विचारलं. "भूल देतो?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. परळला त्या तरुण डॉक्टरला मी एक ओळ लिहून दिली असती तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पुढे मी एकटी त्या हॉस्पिटलात चौकशीला गेले, तो डॉक्टर केव्हाच दुसरीकडे गेला होता.

वन्संनी रुमालाची गाठ सोडली आणि दहाची नोट टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली, खणात टाकली, चिठ्ठीवर 'दोनशे रुपये पूर्ण मिळाले' असं लिहून खाली सही केली. वन्संनी चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. पैसे फिटले होते.